बोटीवर कॅमेरा कोरडा ठेवताना : ड्राय बॅग आणि हार्ड केस, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी मी वीस लिटरची एक रोल-टॉप ड्राय बॅग आणि साधारण दहा लिटरची एक हार्ड केस घेतली. तेव्हापासून सव्वीस वेळा पाण्यावर जाऊन आलो. आकडा नेमका आहे, कारण प्रत्येक फेरीनंतर वहीत चार ओळी खरडायची मला खोड आहे. बहुतेक फेऱ्या तलावातल्या वल्ह्याच्या होडीतल्या, काही खाडीतल्या मोटरबोटीतल्या, चार वेळा उघडा समुद्र आणि दोनदा कयाक. सोबत एक मिररलेस बॉडी, एक मधल्या पल्ल्याची झूम आणि पक्ष्यांसाठी एक लांब झूम. बॉडी आणि दोन्ही लेन्स ‘वेदर सील्ड’, म्हणजे पाऊस-धूळ आत जाऊ न देणाऱ्या, म्हणून विकल्या जाणाऱ्या. त्या शब्दावर माझा किती विश्वास उरलाय ते पुढे येईलच.

ब्रँडची नावं टाकत नाही. या दोन्ही वस्तू बनवणारे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची घडण साधारण सारखी. फरक पडतो तो वापरणाऱ्याच्या हातात. मला हे कळायला एक लेन्स घालवावी लागली.

आधी बॅगेबद्दल. माझी टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या नायलॉनची आहे, शिवण दोऱ्याची नाही, उष्णतेनं जोडलेली. घेताना मी पीव्हीसीची जाड पिशवीही हाताळून पाहिली होती. ती दणकट वाटते खरी, पण गार हवेत ताठरते, आणि ताठर पिशवीचं तोंड नीट गुंडाळलं जात नाही. रोल-टॉपचा सगळा खेळ त्या गुंडाळण्यावर. तोंडाच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चपखल बसवायच्या, मग निदान तीन पूर्ण घड्या, मग बकल. तीन म्हणजे तीन. दोन घड्यांनी पाणी अडत नाही, थोडं उशिरा येतं एवढंच.

हे मी पहिल्याच फेरीत शिकलो. बॅगेत सामान जास्त कोंबलं होतं, त्यामुळे तोंड जेमतेम दीड घडी बसलं. म्हटलं, तलावच तर आहे. होडीच्या तळाशी नेहमीप्रमाणे बोटभर पाणी होतं आणि बॅग त्यात आडवी पडली, तोंड खाली. दोन तासांनी उघडली तेव्हा आत डबकं वगैरे नव्हतं. आतल्या बाजूला एक ओली रेघ होती, घडीपासून निघून कोपऱ्यापर्यंत गेलेली, आणि कोपऱ्यात चमचाभर पाणी. कॅमेरा टॉवेलात गुंडाळलेला होता म्हणून वाचला. ती रेघ मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून नवीन बॅग असो की जुनी, दर दोन महिन्यांनी घरी परीक्षा घेतो. आत कोरडे टिश्यू पेपर आणि वजनाला पाण्याची भरलेली बाटली, तोंड नेहमीसारखं गुंडाळायचं, मोठ्या टबात दहा मिनिटं दाबून धरायची. मग टिश्यू काढून उजेडात धरायचे. कुठे गळतंय ते टिश्यूवरचा डाग बरोबर सांगतो. माझ्या बॅगेनं आतापर्यंत चार परीक्षा दिल्या. चौथ्या वेळी तळाच्या एका कोपऱ्यात नखाएवढा डाग आला. होडीच्या लाकडी पट्टीवर घासून तिथला लेप गेला होता. आतून ठिगळ लावलं, पुन्हा बुडवून पाहिली, आता ठीक आहे.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच लेबलवर नीट सांगत नाहीत. रोल-टॉप बॅग बुडवून ठेवण्यासाठी नसते. शिंतोडे, पाऊस, क्षणभर पाण्यात पडून वर येणं, एवढंच तिचं काम. ती वर येते कारण आत हवा असते. वीस लिटरची फुगलेली बॅग सगळी मिळून वीस किलोच्या आसपास वजन होईस्तोवर तरंगते, आणि माझं सगळं सामान चार किलोसुद्धा नाही. म्हणून शेवटची घडी घालताना हवा पिळून काढू नये. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मी जागा वाचवायला बॅग छातीशी दाबून चपटी करायचो. आता उशीसारखी फुगीर ठेवतो. बोटीत जागा जास्त अडवते, अडवू दे.

हार्ड केसवर आयपी ६७ लिहिलंय. हे आकडे आयईसी ६०५२९ या मानकातले. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि पाण्याचा ७ म्हणजे एक मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटं. ही चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात होते, नव्याकोऱ्या वस्तूवर. आणखी एक मेख म्हणजे ७ मिळाला म्हणून ५ आणि ६ आपोआप मिळत नाहीत, कारण ते जोराच्या फवाऱ्याचे आकडे आहेत आणि त्यांची चाचणी वेगळी असते. मोटरबोट लाटेवर आपटते तेव्हा तोंडावर येतं ते फवाऱ्याचं पाणी. तिथे डब्यात उभं राहिलेलं पाणी कुठे असतं? त्यामुळे ७ बघून हुरळून जाऊ नये. ४ म्हणजे फक्त सगळीकडून येणारे शिंतोडे. फोनच्या पाऊचवर किंवा कॅमेऱ्याच्या रेनकोटवर बहुधा हाच असतो, तोही असलाच तर.

केसनं मला एकदाच दगा दिला, आणि दोष माझाच. झाकणाच्या खाचेत एक रबरी ओ-रिंग बसवलेली असते. एकदा तिच्यावर आडवा केस पडला होता. माझ्याच डोक्याचा, पांढरा. त्या दिवशी केस तासभर उन्हात होती, मग बोटीच्या तळाच्या गार पाण्यात सरकली. उन्हात तापलेली हवा गार झाली की आतला दाब घटतो. ४५ अंशांवरून २५ अंशांवर आली तर जवळजवळ सहा टक्क्यांनी. म्हणजे केस बाहेरचं पाणी स्वतःहून आत ओढायला बसलेली असते, फट तेवढी हवी. त्या एका केसानं फट दिली. उघडल्यावर ओ-रिंगच्या आतल्या बाजूला, बरोबर तो केस होता तिथून, थेंबांची माळ लागली होती. फोमचा एक कोपरा ओला, सामान कोरडं. आता झाकण लावण्याआधी बोट एकदा ओ-रिंगवरून पूर्ण फिरवतो. वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. महिन्यातून एकदा ओ-रिंग खाचेतून काढून गोड्या पाण्यानं धुतो आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात देतो. जास्त ग्रीस लावलं तर तेच वाळू पकडून ठेवतं.

दाबाचीच दुसरी गंमत म्हणजे झाकण उघडेना. खाडीतल्या एका फेरीत समोर बगळा मासा तोंडात धरून उभा, आणि मी केसवर गुडघा देऊन झाकणाशी झटापट करतोय. केसला पुढे एक छोटी चकती असते, ती सैल केली की आत हवा जाते आणि झाकण सुटतं. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. बगळ्यानं मासा गिळला, आणि मग मला चकती आठवली.

त्यात केसच्या कड्यांचा आवाज. ‘कटाक’ असा कडक आवाज शांत पाण्यावर इतका लांब जातो की पक्षी निघून जातात. नऊ महिन्यांत मी केसमधून कॅमेरा काढून पक्ष्याचा एकही बरा फोटो काढलेला नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. बंद असताना दोन्ही वस्तू उत्तम काम करतात, पण फोटो काढायला त्या उघडाव्या लागतात. माझं सामान भिजण्याचे जेवढे प्रसंग वहीत आहेत त्यांतले जवळपास सगळे बॅग उघडी असतानाचे, किंवा ‘आता परत काढायचाच आहे’ म्हणून नीट बंद न केल्याचे आहेत. बोट उलटून कॅमेरा गेला असं माझ्या बाबतीत एकदाही झालं नाही. ओल्या हातांनी लेन्सचं टोपण काढलं, असं मात्र चाळीस वेळा झालं असेल.

म्हणून आता माझी वाटणी अशी आहे. जे दिवसभर लागणार नाही, म्हणजे दुसरी लेन्स, जादा बॅटऱ्या, कार्डं, ते केसमध्ये, आणि केस बोट किनाऱ्याला लागेस्तोवर उघडायची नाही. कॅमेरा मधल्या झूमसकट किंवा लांब झूमसकट, जे त्या दिवशी ठरलं असेल ते, रोल-टॉप बॅगेत मांडीवर. लेन्स बदलायची नाही. सुरुवातीला मी बदलायचो. एकदा समुद्रात बदलली आणि घरी येऊन पाहिलं तर सेन्सरवर तीन ठिपके, त्यातला एक ब्लोअरनं, म्हणजे हवा फुंकायच्या रबरी फुग्यानं, हलेना. सुकलेल्या खारट थेंबाचा होता. तेव्हापासून किनाऱ्यावरच ठरवतो की आज पक्षी की माणसं, आणि त्यावर दिवस काढतो.

बॅग मांडीवर असताना तोंड तीन घड्यांचं नसतं, हे कबूल करतो. एक घडी आणि वर हात, असं चालतं. होडी चालवणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “पाण्याकडे नका बघू, माझ्या तोंडाकडे बघा. मी तोंड फिरवलं की पिशवी मिटा.” समोरून शिंतोडा येणार असला की ते खरंच अर्धा क्षण आधी मान वळवतात. हा इशारा मला कुठल्याही रेनकोटपेक्षा जास्त उपयोगी पडलाय.

रेनकोटबद्दल दोन ओळी. प्लॅस्टिकचं कव्हर पावसात ठीक आहे, बोटीवर मला झेपलं नाही. वाऱ्यानं फडफडतं, व्ह्यूफाइंडरसमोर येतं, आणि आत हात घालून घालून हाताचा घाम कॅमेऱ्याला लागतो. तीन फेऱ्यांनंतर कपाटात गेलं. लांब लेन्स हूड मात्र कायम लावलेला असतो. पुढच्या काचेवर येणारे निम्मेअधिक थेंब तोच अडवतो.

आता बुरशीची गोष्ट. ही मला सगळ्यात महागात पडली, आणि हिच्यात बाहेरचं पाणी कुठेच नाही.

पाचव्या महिन्यात एका फेरीवरून उशिरा आलो. दमलो होतो. केसमध्ये लांब झूम होती, आणि निघताना घाईत हात पुसायचा ओलसर टॉवेल मीच तिच्याशेजारी टाकला होता. झाकण लावलं, कड्या लावल्या, केस कपाटात. मग कामं निघाली आणि तीन आठवडे पाण्यावर जाणं झालं नाही. उघडली तेव्हा आधी वास आला, बंद खोलीत विसरलेल्या ओल्या कपड्यांचा असतो तसा. लेन्स बाहेरून स्वच्छ होती. मागून टॉर्च मारून पुढून पाहिलं तेव्हा आतल्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले. दुरुस्ती करणाऱ्यानं लेन्स उघडून साफ केली. धागे गेले. पण बुरशी काचेच्या लेपावर वाढताना आम्ल सोडते, त्याचा फिकट डाग राहिला. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की कोपऱ्यात हलका धुरकटपणा येतो. लेन्स वापरतोय अजून, पण विकायला काढली तर कुणी विचारणार नाही.

केसमध्ये सिलिका जेलची दहा ग्रॅमची पुडी होती. मग ती काय करत होती? मी नंतर बसून हिशोब केला. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे जेमतेम ३० ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे दहा लिटरच्या केसमधल्या हवेत फार तर ०.३ ग्रॅम. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी धरतं, म्हणजे दहा ग्रॅमची पुडी दोन-तीन ग्रॅम. नुसती दमट हवा सुकवायला ती दसपट पुरेशी आहे. पण ओलसर टॉवेलात सहज पन्नास ग्रॅम पाणी असतं. पुडी पहिल्या रात्रीच भरली असणार, आणि उरलेलं पाणी तीन आठवडे लेन्सशेजारी बसून राहिलं. बाहेरचं पाणी आत न येऊ देणारी केस आतलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही, आणि ती जितकी चांगली असेल तितकी ही अडचण मोठी.

तेव्हापासून केसमध्ये ओलं काहीही जात नाही. कॅमेऱ्याचा पट्टासुद्धा नाही, कारण कापडी पट्टा पाणी पितो आणि आपल्या लक्षात येत नाही. मी पट्टाच काढून टाकला, मनगटाला बांधायचा छोटा दोर लावला. घरी आलो की केस आणि बॅग दोन्ही उघड्या, उलट्या, रात्रभर. सामान पेटीत न जाता शेल्फवर, स्वस्तातल्या आर्द्रतामापकाशेजारी. चाळीस ते पन्नास टक्के असेल तर निर्धास्त. साठच्या वर काही दिवस राहिली की बुरशीला मोकळं रान. सिलिका जेल आता नारिंगी दाण्यांचं घेतो, भरलं की हिरवं होतं, आणि ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवलं की पुन्हा नारिंगी.

मोठ्या बोटीवर एसी केबिन असेल तर वेगळीच भानगड. बाहेर ३० अंश आणि ऐंशी टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसू लागतं तो, २६ अंशांवर असतो. केबिनमध्ये २३ अंशांवर गार झालेला कॅमेरा तसाच डेकवर नेला की काच पांढरीफटक. वरून पुसता येते, पण तेच बाष्प आतल्या काचांवरही धरू शकतं, तिथे कापड पोचत नाही. बंद ड्राय बॅगेतच बाहेर न्यायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं तसाच ठेवायचा, की कॅमेरा हळूहळू कोमट होतो आणि दव बॅगेच्या बाहेरच्या अंगाला धरतं. बॅगेचा हा उपयोग मला घेताना सुचलाही नव्हता.

खाऱ्या पाण्याचं प्रकरण गोड्या पाण्यापेक्षा चिवट. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. थेंब सुकला की क्षार तिथेच राहतात, आणि हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ पुन्हा ओलं होतं. म्हणजे शिंतोडा एकदाच उडतो, पण धातू रोज रात्री नव्यानं भिजतो. सातव्या महिन्यात कॅमेऱ्यावरची फ्लॅश लावायची खाच, म्हणजे हॉट शू, भिंगाखाली पाहिली. पट्ट्यांच्या वळणात पांढरट कणांची रांग आणि एका संपर्कबिंदूच्या कडेला हिरवट कड. वेदर सीलिंगचा इथे काही संबंधच नाही, कारण हा भाग सीलच्या बाहेर असतो. झूम लेन्सचंही तसंच. नळी बाहेर आत होते तेव्हा ती हवा ओढते आणि सोडते, आणि नळीवर बसलेला ओलावा हळूहळू आत सरकतो. समुद्रावर आता शिंतोडे बसलेली नळी आत घेण्याआधी पुसतो.

पुसायचीही रीत आहे. सुकलेलं मीठ कोरड्या कापडानं घासलं की काचेवर बारीक ओरखडे. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड नुसतं टेकवत टेकवत, मग कोरडं. ओलं कापड एका झिप पिशवीत, कोरडी दोन दुसऱ्या पिशवीत, आणि हात पुसायचा टॉवेल तिसरा, तो लेन्सला कधीच नाही. सनस्क्रीन लावलेल्या हातांनी पुढच्या काचेला बोट लागलं तर त्या दिवसाचे फोटो धूसर समजायचे. मी आता किनाऱ्यावरच लावून हात साबणानं धुतो.

तरंगता पट्टा घेतला होता, चकचकीत पिवळा. छोट्या कॅमेऱ्यासाठी ठीक. माझी बॉडी आणि लांब झूम त्याला बांधून टबात सोडली नाही, अर्थातच, पण तेवढ्या वजनाची, साधारण तेवढ्याच आकाराची वाळूची बाटली बांधून सोडली. शांतपणे तळाला गेली, पट्टा वर उभा. आता तो फोनला आहे.

एका सहप्रवाशाच्या कॅमेऱ्यावर लाट आली तो प्रसंग मात्र सांगतो. त्यानं पहिलं काय केलं तर चालू करून पाहिला. स्क्रीन लागली, मग रेघा, मग काही नाही. भिजलेल्या कॅमेऱ्याची आधी बॅटरी काढायची, मग कार्ड, आणि मग कितीही जीव तुटला तरी बटणाला हात लावायचा नाही. तांदळात पुरून ठेवण्यानं काही होत नाही, तांदळाची पूड मात्र खाचांत जाते. खारं पाणी असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर रोल-टॉप बॅग हीच घेईन, फक्त आत फिकट रंग असलेली. माझी आतून काळी आहे आणि बोटीत तिच्यात काळं टोपण शोधणं म्हणजे शिक्षा. हार्ड केस घेताना एक माप लहान घेईन, मोठ्या केसमध्ये नसती सामानं जातात, टॉवेलसकट. बॅगेची बकल मागच्या आठवड्यात एका बाजूनं तडकली, प्लॅस्टिक उन्हानं ठिसूळ झालंय. सुटी बकल मिळते, पण ती पट्टा न उसवता चढवता येणारी असावी लागते, हे चुकीची आणल्यावर कळलं. बरोबर माप मिळेपर्यंत बॅग तीन घड्या आणि एका कॅराबिनरवर (स्प्रिंगच्या कडीवर) चालली आहे, टबातल्या परीक्षेत दहा मिनिटं पास.